रोमँटिक कॉमेडी पाहायला सुरुवात करताना : निवड, क्रम आणि काही इशारे

रोमँटिक कॉमेडी पाहायचे ठरवून माणसे पडद्यासमोर बसतात, पाऊण तास पोस्टर आणि ट्रेलर चाळण्यात जातो आणि शेवटी पूर्वी पाहिलेलेच काहीतरी पुन्हा लावले जाते. यात पाहणाऱ्यांचा दोष फारसा नाही. या प्रकारातील चित्रपटांची पोस्टर एकमेकांसारखीच असतात : पाठीला पाठ लावून उभे असलेले दोघे, एकाच्या चेहऱ्यावर वैताग आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावर मिश्कील हसू. त्यावरून चित्रपट बरा की सुमार हे मुळीच कळत नाही. तारे-तारकांच्या नावांवरूनही ते कळत नाही, कारण एकाच जोडीने उत्तम आणि टाकाऊ असे दोन्ही प्रकारचे चित्रपट केलेले असतात.

निवडीसाठी मला एकच कसोटी भरवशाची वाटते. या दोघांना एकत्र येण्यापासून नेमके काय अडवते आहे, हा प्रश्न विचारावा. शेवटी ते एकत्र येणार हे बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते, त्यामुळे सगळी गंमत त्या अडथळ्यातच साठवलेली असते. अडथळा खरा असेल तर विनोद आपोआप जमतो. तो ओढूनताणून आणलेला असेल, म्हणजे ‘एक फोन केला असता तर सगळे मिटले असते’ अशा जातीचा असेल, तर कितीही देखणी माणसे घेतली तरी दुसऱ्या तासात जांभया सुरू होतात. पुढील सर्व पायऱ्या याच कसोटीवर बेतलेल्या आहेत.

आधी हाताशी काय असावे

- तीन-चार नावांची यादी, तीही बसण्यापूर्वी केलेली. पडद्यासमोर बसून शोधाशोध करू नये.
- प्रत्येक नावापुढे चित्रपटाचे वर्ष आणि दिग्दर्शक. एकाच नावाचे अनेक चित्रपट निघालेले असतात आणि घाईत भलताच लावला जातो.
- मूळ भाषेतील आवाज आणि नीट वाचता येतील अशी सबटायटल्स.
- दोन तासांचा सलग मोकळा वेळ. विनोदी चित्रपट तुकड्या-तुकड्यांत पाहिला की त्याची लय मोडते आणि हसूही येत नाही.

१. अडथळ्यांचे प्रकार ओळखून घ्या

या चित्रपटांतील अडथळे वरवर शेकडो दिसत असले, तरी त्यांची घराणी मोजकीच आहेत.

पहिले घराणे खोट्याचे. कोणीतरी आपली ओळख लपवतो, त्या खोट्यातून प्रेम जमते आणि मग खरे सांगण्याची वेळ टळत राहते. विल्यम वायलर यांच्या ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) मध्ये राजकन्या आपण सामान्य मुलगी असल्याचे भासवते आणि तिच्यासोबत शहरभर फिरणारा माणूस आपण पत्रकार असल्याचे लपवतो. दोघेही खोटे बोलत आहेत, हे तिला ठाऊक नसते, प्रेक्षकाला मात्र ठाऊक असते. रोममधील ‘सत्याचे तोंड’ या दगडी मुखवट्यात हात घालण्याचा प्रसंग म्हणूनच इतका नेमका बसला आहे. खोटे बोलणाऱ्याचा हात हा मुखवटा तोडतो अशी आख्यायिका आहे. राजकन्या हात पुढे नेते आणि बिचकून मागे घेते. मग पत्रकार हात घालतो, किंचाळतो, आणि बाहेर काढतो तेव्हा मनगटापुढे नुसती बाही लोंबत असते. त्याने पंजा बाहीत आत ओढून घेतलेला असतो. ऑड्री हेपबर्न यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.

दुसरे घराणे न बोलण्याचे. मनात आहे, पण ओठांवर येत नाही. बासू चॅटर्जी यांच्या ‘छोटी सी बात’ (१९७६) मधील अमोल पालेकर यांचा अरुण या घराण्याचा आदर्श प्रतिनिधी आहे. तो इतका बुजरा आहे, की प्रेम व्यक्त करण्यासाठी त्याला एका निवृत्त कर्नलकडे रीतसर शिकवणी घ्यावी लागते.

तिसरे घराणे जगाचे : घर, वर्ग, धर्म, पैसा. चौथे स्वभावाचे, म्हणजे दोघेही मोकळे आहेत, कोणाची आडकाठी नाही, तरीही स्वतःच्या अहंकारामुळे किंवा भीतीमुळे पाय मागे घेतात. नव्याने पाहणाऱ्याला हे चौथे घराणे सर्वांत कमी नाट्यमय वाटते, पण उत्तम संवाद इथेच सापडतात. पाचवे घराणे काळाचे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

कोणत्याही चित्रपटाचे दोन ओळींचे कथासूत्र वाचले, की तो कोणत्या घराण्यातला हे सहज सांगता येते. ते सांगता आले नाही आणि कथासूत्रात फक्त ‘दोघांची भेट होते आणि आयुष्य बदलून जाते’ एवढेच असेल, तर तो चित्रपट यादीतून काढून टाकावा.

२. सुरुवात जुन्या चित्रपटाने करा

हा सल्ला अनेकांना रुचत नाही, कारण कृष्णधवल म्हटले की संथ असणार असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती उलट आहे. १९३० च्या दशकातील अमेरिकी विनोदी चित्रपटांत संवादांचा वेग आजच्या चित्रपटांपेक्षा किती तरी जास्त आहे. त्याला एक कारण सेन्सॉरशिपचे होते. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये नैतिकतेची आचारसंहिता कडकपणे लागू झाली आणि शारीरिक जवळीक उघड दाखवण्यावर बंधने आली. मग लेखकांनी ती सारी ओढ भांडणांत आणि टोमण्यांत भरली. प्रेम करणारी माणसे पडद्यावर एवढी भांडतात का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

फ्रँक काप्रा यांचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) त्या बंधनांच्या अगदी उंबरठ्यावरचा. वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न करून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गमावलेला पत्रकार बसने प्रवास करतात. पैसे कमी असल्यामुळे दोघांना रात्रीच्या मुक्कामाला एकच खोली घ्यावी लागते. तो दोन खाटांच्या मधोमध दोरी बांधून त्यावर ब्लँकेट टाकतो आणि त्या पडद्याला ‘जेरिकोची भिंत’ असे नाव देतो. बायबलमधील ती भिंत कर्ण्यांच्या नादाने कोसळली होती, एवढे लक्षात ठेवून पाहावे. संपूर्ण चित्रपटाचा अडथळा एका लोंबत्या ब्लँकेटमध्ये आणून ठेवणे ही किती मोठी कारागिरी आहे, हे पुढची दहा-वीस अनुकरणे पाहिल्यावर अधिक जाणवते. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही प्रमुख ऑस्कर एकाच वेळी जिंकणारा हा पहिला चित्रपट ठरला.

दुसरा पर्याय मला व्यक्तिशः अधिक जवळचा आहे : अर्न्स्ट लुबिच यांचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०). बुडापेस्टमधील चामडी वस्तूंच्या दुकानात काम करणारे दोन विक्रेते एकमेकांना पाण्यात पाहतात. तेच दोघे निनावी पत्रमैत्रीतून एकमेकांच्या प्रेमात पडलेले असतात, आणि हे दोघांनाही ठाऊक नसते. एका प्रसंगात कॅमेरा टपालपेटीच्या आत ठेवलेला आहे. पेटी रिकामी आहे. हातमोजा घातलेला एक हात आत येतो, चाचपडतो, काही सापडत नाही, आणि मग त्या चौकोनातून मार्गारेट सलव्हन यांचा चेहरा आत डोकावतो. एकही संवाद नाही. काही मिनिटांपूर्वी जिच्या फटकळपणावर आपण हसत होतो, त्या मुलीचा एकटेपणा तिथे एकदम उघडा पडतो.

याच कथेवरून पुढे नोरा एफ्रॉन यांनी ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८) केला. तोही पाहावा, पण नंतर. मूळ चित्रपटात दोघेही पगारी नोकरीत आहेत आणि नोकरी जाण्याची धास्ती दोघांनाही आहे. नव्या चित्रपटात एकाचे भले मोठे दालन दुसरीचे छोटेसे पुस्तकांचे दुकान गिळून टाकते. अडथळा वाढला, पण तो सोडवण्याची रीत हलकीच राहिली. म्हणून टॉम हँक्स आणि मेग रायन कितीही लोभस असले, तरी शेवट घशाखाली उतरायला थोडा वेळ लागतो. अर्थात, हे मत सर्वांना पटेलच असे नाही.

३. जोडीदारासोबत पाहताना

इथे एकच पथ्य कटाक्षाने पाळावे. तुमच्या दोघांत सध्या ज्या विषयावरून धुसफूस चालू आहे, तोच ज्या चित्रपटाचा अडथळा आहे, तो चित्रपट त्या दिवशी लावू नये. घरच्यांचा विरोध चालू असताना ‘द बिग सिक’ (२०१७) कितीही चांगला असला तरी विरंगुळा होत नाही. मुलाच्या घरच्यांचा पाकिस्तानी मुस्लिम मुलीचाच आग्रह, त्यांच्यापासून लपवलेले नाते आणि मग अचानक कोमात गेलेली प्रेयसी, असा तो प्रवास आहे. कुमैल नांजियानी आणि एमिली गॉर्डन या दांपत्याने तो स्वतःच्या अनुभवावरून लिहिला आहे. वाद नसताना मात्र तो दोघांनी पाहावाच, कारण त्यातील सर्वांत सुंदर नाते प्रियकर आणि प्रेयसीच्या आईवडिलांचे आहे.

दोघांनी मिळून पाहण्यासाठी पहिली पसंती रॉब रायनर दिग्दर्शित ‘व्हेन हॅरी मेट सॅली’ (१९८९) ला द्यावी. स्त्री आणि पुरुष यांच्यात निव्वळ मैत्री असू शकते का, या एका वादाभोवती तो बारा वर्षे फिरतो. त्यामुळे चित्रपट संपल्यावर बोलायला विषय आयता मिळतो. मधूनमधून वृद्ध जोडपी कोचावर बसून आपली भेट कशी झाली ते सांगतात, तेव्हा कोण कोणाचे वाक्य तोडते आणि कोण पूर्ण करते इकडे लक्ष द्यावे. हा चित्रपट चौथ्या घराण्याचा उत्कृष्ट नमुना आहे : कोणी खलनायक नाही, कोणाचा विरोध नाही, तरीही गाडी अडून राहते. त्यातील उपाहारगृहाचा प्रसिद्ध प्रसंग मोठ्या माणसांसोबत बसून पाहण्याजोगा नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

जोडीदाराला प्रेमकथांचाच कंटाळा असेल, तर काळाच्या घराण्याकडे वळावे. हॅरॉल्ड रॅमिस यांच्या ‘ग्राउंडहॉग डे’ (१९९३) मध्ये एक तुसडा हवामान निवेदक एकाच दिवसात अडकून पडतो. रोज सकाळी तोच गजर, तेच गाणे, तीच माणसे. सुरुवातीला तो ही संधी साधून नायिकेच्या आवडीनिवडी पाठ करतो आणि तिला फसवू पाहतो, पण दर रात्री थप्पड खातो. पाठांतराने प्रेम मिळत नाही, हे इतक्या हसतखेळत फार थोड्या चित्रपटांनी दाखवले आहे. तो आवडल्यास ‘पाम स्प्रिंग्ज’ (२०२०) पाहावा. तिथे दोघेही त्याच चक्रात अडकतात, त्यामुळे प्रश्नच बदलतो.

भारतीय चित्रपटांपैकी सई परांजपे यांचा ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) दोघांसाठी उत्तम आहे. तीन मित्र एका खोलीत राहतात. दोघे एका मुलीवर छाप पाडायला जातात, सपशेल तोंडघशी पडतात आणि परत येऊन विजयाच्या रसभरीत कहाण्या रचून सांगतात. त्या थापाच पुढे तिसऱ्याच्या खऱ्या प्रेमात काटे पेरतात. अडथळा पात्रांच्या स्वभावातूनच उगवला पाहिजे, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही. फारुख शेख आणि दीप्ती नवल यांच्या पहिल्या भेटीत ‘चमको’ या कपडे धुण्याच्या पावडरीचे प्रात्यक्षिक आहे. प्रेमाचा उच्चारही न करता प्रेम कसे सुरू होते, ते तिथे पाहावे.

मराठीत सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) जवळजवळ संपूर्णपणे दोन माणसांच्या एका दिवसाच्या गप्पांवर उभा आहे. परेश मोकाशी यांचा ‘चि. व चि. सौ. कां.’ (२०१७) लग्नाआधी एकत्र राहून पाहण्याची अट घालणाऱ्या मुलीची गोष्ट सांगतो. पर्यावरणाचे वेड घेतलेला तो आणि प्राण्यांसाठी जीव टाकणारी ती यांच्या तत्त्वांच्या कुस्तीत दोन्ही घरांची जी तारांबळ उडते, तिला तोड नाही. लग्न ठरलेल्या जोड्यांनी मात्र तो वरील पथ्य ध्यानात ठेवूनच लावावा.

४. एकट्याने पाहताना

एकट्याने पाहण्याचे चित्रपट वेगळे असतात. तिथे प्रेमाइतकाच एकटेपणाही आदराने दाखवलेला असावा. बिली वाइल्डर यांचा ‘द अपार्टमेंट’ (१९६०) त्यातील शिरोमणी आहे. विमा कंपनीतील एक कारकून बढतीच्या आशेने आपल्या घराची किल्ली साहेबलोकांना त्यांच्या चोरट्या भेटींसाठी देतो आणि स्वतः थंडीत बाहेर ताटकळतो. ज्या लिफ्टवाल्या मुलीवर त्याचा जीव जडलेला असतो, तीच आपल्या घरी साहेबासोबत येते, हे त्याला तिच्या पर्समधील तडा गेलेल्या आरशावरून कळते. तो आरसा त्यानेच घरात सापडला म्हणून साहेबाला परत दिलेला असतो. आरशात पाहताना त्याच्या चेहऱ्याचे दोन तुकडे दिसतात. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाली. यात आत्महत्येच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, आणि वर सांगितलेल्या लुबिच यांच्या चित्रपटातही तसा एक प्रसंग येतो. मनःस्थिती नाजूक असेल तर हे दोन्ही पुढे ढकलावेत.

त्यापेक्षा हलके काही हवे असेल, तर ‘अमेली’ (२००१) किंवा नोआ बॉमबाक यांचा ‘फ्रान्सिस हा’ (२०१२) निवडावा. दुसऱ्यात खरी प्रेमकथा दोन मैत्रिणींची आहे. वोंग कार-वाय यांचा ‘चुंगकिंग एक्स्प्रेस’ (१९९४) रात्री उशिरा, सलग आणि एकट्याने पाहण्यासाठीच केलेला असावा असे वाटते. त्यातील एक पोलीस प्रेयसी सोडून गेल्यावर घरातील साबणाच्या वडीशी आणि ओल्या फडक्याशी बोलतो, त्यांची समजूत काढतो. हसावे की गलबलून यावे, हे ठरत नाही.

५. कुठे फसगत होते

सर्वांत मोठी फसगत वर्गवारीची. ‘अ‍ॅनी हॉल’ (१९७७) आणि ‘(५००) डेज ऑफ समर’ (२००९) हे दोन्ही चित्रपट रोमँटिक कॉमेडीच्या यादीत हमखास असतात आणि दोन्ही थोर आहेत, पण ते नाते तुटण्याचे चित्रपट आहेत. दुसरा तर सुरुवातीलाच ही प्रेमकथा नाही असे बजावतो, तरीही प्रेक्षक ऐकत नाहीत. नवीन नात्यात पहिल्या संध्याकाळी हे लावणे टाळावे.

दुसरी फसगत पाठलागाची. नकार दिलेल्या व्यक्तीच्या मागे लागणे म्हणजे निष्ठा, अशी समजूत या प्रकाराने फार वर्षे पोसली आहे. ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’ (२००३) मध्ये एक जण आपल्या जिवलग मित्राच्या नवविवाहित पत्नीच्या दारात उभा राहून, पाट्यांवर मजकूर लिहून प्रेमाची कबुली देतो आणि संगीत आपल्याला हळवे व्हायला सांगते. असा प्रसंग आला की संगीत क्षणभर मनातून वजा करून पाहावे. ‘छोटी सी बात’ मधील अरुणही प्रभाच्या मागे-मागे फिरतो, पण तिथे दिग्दर्शक त्याच्याकडे कौतुकाने नव्हे, मिश्कीलपणे पाहतो आणि प्रभाला हे सगळे कळत असते. फरक तेवढाच, पण तो निर्णायक आहे.

तिसरी फसगत ट्रेलरची. विनोदी चित्रपटाचे चांगले विनोद ट्रेलरमध्येच संपवण्याची चाल आहे. कथासूत्र वाचावे, ट्रेलर पाहू नये.

६. आवाज आणि भाषा

डब केलेली आवृत्ती शक्यतो लावू नये. या प्रकारात विनोद शब्दांइतकाच बोलण्याच्या ठेक्यात असतो आणि डबिंगमध्ये तो पहिल्यांदा मरतो. सबटायटल्स वाचण्याची सवय नसेल, तर सुरुवात कमी बोलक्या चित्रपटाने करावी. ‘रोमन हॉलिडे’ त्यासाठी सोयीचा आहे. अशांनी १९३० च्या दशकातील वेगवान चित्रपट दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्यावेत. हॉवर्ड हॉक्स यांच्या ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) मध्ये कॅथरीन हेपबर्न आणि कॅरी ग्रँट एकमेकांच्या बोलण्यावर इतके चढून बोलतात, की सबटायटल्स मागे पडतात. पण त्यात एक पाळीव बिबट्याही आहे, त्यामुळे कथा निसटली तरी पाहणारा निसटत नाही.

७. पुढचा चित्रपट कसा निवडावा

एखादा चित्रपट आवडला की त्यातील नटांचे इतर चित्रपट शोधण्याऐवजी पटकथाकाराचे नाव पाहावे. या प्रकारात सातत्य लेखकाचे असते. नोरा एफ्रॉन आवडल्या तर त्यांचा ‘स्लीपलेस इन सिअ‍ॅटल’ (१९९३) घ्यावा, ज्यात नायक-नायिका जवळजवळ संपूर्ण चित्रपट वेगवेगळ्या शहरांत असतात आणि अंतर हाच अडथळा आहे. ‘लव्ह अ‍ॅक्चुअली’चे लेखक रिचर्ड कर्टिस यांची लेखणी आवडली तर ‘फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल’ (१९९४) घ्यावा. त्याची सुरुवातच शिव्यांच्या माळेने होते, म्हणून लहान मुले आसपास नसताना लावावा. बिली वाइल्डर आवडले तर ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) आहेच. वेळ दीड तासाहून कमी असेल, तर ‘राय लेन’ (२०२३) हा लंडनमधील एका दिवसाचा चित्रपट ८२ मिनिटांत संपतो. नुकतेच नाते तुटलेले दोन अनोळखी लोक त्यात गप्पा मारत चालत राहतात, आणि ज्यांना संवादाची गोडी लागली आहे त्यांनी तिथून पुन्हा मागे, १९३४ च्या त्या बसकडे जायला हरकत नाही.